कॅम्पर लॉग ७ : डिलिव्हरी घ्यायला गेलो, पण सही केली नाही

मागच्या अपडेटला म्हणलो होतो की पुढचा फोटो आमच्या लातूरच्या गंजगोलाईसमोरचा टाकतो, तर तसलं काही झालं नाही, आमची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय करून घेतलेली गाडी, अजून संभाजीनगरजवळच्या ती बनवणाऱ्या वर्कशॉपमधेच उभी आहे.

झालं असं की रात्रीच्या एसटीनं मी आणि मेहुणा निघालो. मेहुणा निलंग्याला वायरमनचं काम करतो, म्हणून मुद्दाम त्याला धरलं. सोबत एक बादली, पाइप, साबणाची पूड, टॉर्च आणि त्याचा वायरीतला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर. बायको म्हणली गाडी आणायला चाललात का फरशी पुसायला.

तिथं सुपरवायझरनं आधी चहा पाजला, मग सगळं दाखवलं. लाइट लागले, फॅन फिरला, इंडक्शनवर दोन मिनिटात पाणी उकळलं, मी तर खुशच झालो होतो. पण मेहुणा मागच्या चाकापाशी वाकून बघत होता, तिथूनच म्हणला, "दाजी, ही तर भिंतीतल्या बोर्डाला जोडलेली हाय की." म्हणजे इंडक्शन चालत होता वर्कशॉपच्या लाइटवर, बॅटरीचा काही संबंधच नाही! वायर काढायला लावली, परत २००० वॅटवर टाकला, पाच-सात सेकंदात सगळी गाडी अंधारात. हिशोब साधा आहे बघा, २००० भागिले १२.८ व्होल्ट म्हणजे १५६ अँपिअर, वर इन्व्हर्टर खातो ते धरून १७५ च्या पुढं. बॅटरी २०० एएचची आहे (एएच म्हणजे साठा किती), बरोबर आहे, पण तिच्यातला बीएमएस, म्हणजे एका वेळी किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवणारं सर्किट, १०० अँपिअरचा, तो त्याच्यापुढं सोडणारच नाही. कोटेशनमधे एएच मोठ्या अक्षरात लिहितात, बीएमएसचा आकडा कुणी लिहीत नाही, तो आधी विचारून घ्या.

मग १००० वॅटवर दहा मिनिटं चालवला, तो चालला, मीटरवर ९० च्या आसपास अँपिअर. मेहुण्यानं इन्व्हर्टर बंद करून लगला, म्हणजे बॅटरीच्या वायरीच्या टोकाला चेपून बसवतात त्या धातूच्या टोपीला, बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. "पोळायलंय दाजी." वायर कोटेशनमधे ५० स्क्वेअर एमएमची, टाकलेली १६ ची, आणि लग क्रिम्पिंग टूलनं नाही तर हातोडीनं चेपलेला, एका बाजूला तांब्याच्या तारा बाहेर आलेल्या. ही जोडणी पलंगाखाली, म्हणजे वर पोरं झोपणार. इथंच मी ठरवलं की आज सही नाही.

मग पाणी. टाकी १२० लिटरची, त्यांनी तळाला बादलीभर टाकून नळ दाखवले होते, मी म्हणलं काठोकाठ भरा. सगळे नळ बंद करून आम्ही गप बसलो. ही ट्रिक लय भारी आहे, पंप प्रेशर झालं की थांबतो आणि नळ बंद असताना परत वाजला तर पाणी कुठंतरी चाललंय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह मागं सोडतोय. आमचा दर सात-आठ मिनिटाला दोन सेकंद टुर्र करायचा. बेसिनखाली हात घातला तर पाइपचा क्लॅम्प ढिला आणि प्लायची खालची कड आत्ताच फुगून मऊ झालेली, नखानं उकरली तर भुसा निघाला.

छतावर पाइप धरून वीस मिनिटं पाणी मारलं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेला लातूरकर मी, हात थरथरत होता, पण छत गळतंय का बघायला पावसाची वाट बघायची म्हणलं तर आपल्याकडं वॉरंटी संपून जाईल. छत मात्र कोरडं निघालं, फॅनभोवतीचं सीलिंग मन लावून केलंय, ते मान्य.

गॅसला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा कुठंच नाही. पण एलपीजी हवेपेक्षा जड, लीक झाला तर खाली साचतो, म्हणून तो बाहेर जायला जमिनीलगत जाळी लागते. जाळी होती! तिच्यावरून विनाइल फ्लोअरिंग चिकटवून टाकलेलं.

शेवटी वजनकाटा, ह्याच्यावरून सुपरवायझर जरा तडकला, साहेब असं कुणी करत नाही म्हणला. टाकी भरलेली, सिलेंडर ठेवलेला, आम्ही सगळे खाली उतरून वजन ३०६० किलो, प्लेटवर मर्यादा ३५००. राहिले ४४०, त्यात घरची पाच माणसं २९० धरा, मग गाद्या, भांडी, कपडे सगळं मिळून १५० किलोत बसवायचं. तेही जमेल, पण मी एका बाजूची चाकं काट्यावर घेऊन परत वजन केलं (काट्यावाल्याला वीस रुपये जास्तीचे दिले) तर डावीकडं १६४० आणि उजवीकडं १४२०. टाकी, बॅटरी, फ्रिज सगळं डावीकडंच लावलंय. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर काय होईल ते मला बघायचं नाही, बॅटरी उजवीकडं घ्या म्हणलं.

बाकी टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार टायर नवे, स्टेपनी ०९२२, म्हणजे २०२२ ची, बदलून देतो म्हणले. चेसिस नंबर कागदाशी जुळला. फ्रिज आदल्या रात्रीच चालू करून ठेवा म्हणून फोन करून सांगितलेलं असून चालूच केला नव्हता, त्यामुळं तो ४२ डिग्रीत थंड होतो का ते राहिलंच.

सगळं एका कागदावर लिहून त्यावर त्यांची सही आणि शिक्का घेतला. शेवटचा हप्ता माझ्याकडंच आहे, त्यामुळं चहा दुसऱ्यांदा पण आला. दहा दिवसांची तारीख दिलीय. रात्रीच्या एसटीत कंडक्टरनं बादलीकडं बघून विचारलं लगेज का, तर मेहुणा म्हणला, "गाडी हाय आमची, तिचं सामान हाय."