मुठा एवढी रुंद का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लोकांच्या आठवणींतून मी पुण्याचे नकाशे करते, त्यांच्या प्रदर्शनात हा प्रश्न हमखास येतो आणि विचारणारा बहुतेक पेठेतलाच असतो. "काम छान आहे हो, पण नकाशा चुकलाय. मुठा काय एवढी रुंद आहे?"

नाहीच. एरवी पुलावरून तिच्याकडे बघवतही नाही. पण ते चित्र आईच्या कागदावरून निघालंय. मी माणसांना कोरा कागद देते नि म्हणते, लहानपणीचं घर ते शाळा, रस्ता काढा. आईचं घर नारायण पेठेत. तिने रस्ता काढलाच नाही. जिना काढला, पायऱ्या मोजून, आणि सातवीवर आडवी रेघ मारली. "इथवर." १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. ती आठ वर्षांची होती. उरलेल्या कागदावर नुसती नदी, पेन्सिल आडवी धरून घासलेली. शाळा राहूनच गेली. मीही आठवण केली नाही.

छापील नकाशा मी टाकून देत नाही, तो खाली असतोच. पण पुण्यात पत्ता त्यावरून सांगतं कोण? लकडी पुलाला लाकूड नाही, कागदोपत्री तो संभाजी पूल. सारसबागेतला गणपती अजून 'तळ्यातला', आणि तळ्याच्या जागी बाग होऊन पिढ्या गेल्या. तरी कुणी चुकत नाही.

मला सगळ्यात छळलं ते कात्रजच्या पाण्याने. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ते जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं आजही बसच्या गर्दीत ऐकू येतात. हे पाणी निळ्या रंगाने काढलं तर रस्त्यासारखं दिसायला लागलं. मग सुई घेतली. साधा धावदोराच, पण लांब: दोरा कागदाखालून जातो आणि हौद असेल तिथेच वर येतो, तांदळाएवढा टाका. पहिल्या खेपेला हातकागद टाक्यांच्या ओळीत सरळ फाटला, पोस्टाच्या तिकिटासारखा. बुकबाइंडिंगवाल्या काकांनी तोडगा दिला. मागून मलमल लावायची, खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. (खळ मैद्याची. कणकेची करून पाहिली, डाग पडतात.)

तेव्हापासून ही कामं मी भिंतीवर लावत नाही, छतापासून टांगते. सगळं पाणी मागच्या बाजूला आहे ना.

गेल्या खेपेस एक आजोबा बराच वेळ मागेच उभे होते. शेवटी बोट न लावता म्हणाले, "हा हौद अलीकडे घेतलात. चौक ओलांडून पाहिजे." घरी येऊन पडताळलं. बरोबर होतं त्यांचं. टाका उसवला, पुढे घेतला. जुनी दोन भोकं बुजवायला खळ कालवली होती, ती वाटीतच वाळली.