अकरा महिन्यांचे स्क्रू

“घर स्वतःचं की भाड्याचं, बेन?”

मी मागितले होते नुसते स्क्रू. आठ नंबर, 50 एमएम, सोबत भिंतीच्या भोकात आधी बसवायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या. एवढ्यासाठी घराची चौकशी होते हे मला माहीत नव्हतं. पण माहीमच्या त्या हार्डवेअरवाल्या शेठचं गणित साफ होतं. स्वतःचं म्हटलं की तो शिडी लावून वरच्या फळीवरचा खोका काढतो, भाड्याचं म्हटलं की गल्ल्याशेजारच्या बरणीत हात घालतो. मी भाड्याचं म्हटलं. बरणीतून मूठभर चकचकीत स्क्रू निघाले, तराजूत पडले, वर्तमानपत्राच्या पुडीत गेले. खोक्यातल्या स्टेनलेसच्या एक तृतीयांश भावात. “अकरा महिन्यांसाठी भारी माल कशाला?” असंही शेठ म्हणाला. मला ते इतकं पटलं, की वर त्याचे आभारही मानले.

पुडीतल्या सहा स्क्रूंवर बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड लागला. समुद्र तिथून दोन गल्ल्या पलीकडे. लावताना म्हणाल तर काही म्हणजे काही त्रास नाही. स्वस्त स्क्रू आत जाताना कधीच कुरकुरत नाही.

पहिल्या पावसाळ्यात डोक्यांवर पांढरी पूड धरली. मला वाटलं, भिंतीचा चुना; फडक्यानं पुसून टाकला. तो चुना नव्हता, जस्त होतं. लोखंडाला जस्ताचा मुलामा देतात तो याचसाठी, की खारी हवा आलीच तर आधी जस्तानं झिजावं, लोखंडाची पाळी नंतर यावी. मुलामा जाड असेल तितके दिवस जस्त तग धरतं. बरणीतल्या मालावर जस्ताचं नुसतं नाव घेतलेलं असावं. दुसऱ्या पावसाळ्यात स्क्रूंच्या खाली भिंतीवर तपकिरी ओघळ उतरले, कुणीतरी पान खाऊन बेतानं थुंकल्यासारखे.

करार एकदा वाढला होता. दुसऱ्यांदा मालकांना घर मुलासाठी हवं झालं. खाली टेंपो उभा, फ्रिज दोरखंडात, आणि मी बाल्कनीत स्टुलावर डिसमिस घेऊन. (डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. हा शेठचा गुजराती शब्द, आमच्याही घरात कायमचा राहायला आलेला.) टोक स्क्रूच्या फुलीत नीट बसवलं, अंगाचा भार दिला, पिळलं. टोक सर्रकन वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सर्रकन. प्रत्येक वेळी फुलीच्या कडांचा थोडा चुरा पडत होता, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला तिथे फुली उरलीच नाही, एक गुळगुळीत वाटी झाली. दुसऱ्याचीही तीच गत. शिवणयंत्राचं तेल सोडून पाहिलं, मधे रबरबँड धरून पाहिलं. तिसरा मात्र फिरला. हायसं वाटलं तोच डोकं हातात आलं आणि धड भिंतीत राहिलं. खालून टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. मी स्टुलावरून उतरले.

मालकांनी डिपॉझिटमधून ओघळांवरच्या रंगाचे पैसे कापले. स्टँडचे दिले नाहीत.

नव्या घरी सामान लावता लावता एकच विचार डोक्यात घोळत होता: मग मी खिळेच का नाही ठोकले? धरून ठेवणं खिळ्यालाही येतं. स्क्रूला जास्त येतं, एवढंच. आल्या वाटेनं परत येणं मात्र एकट्या स्क्रूला येतं. जास्तीचे पैसे आणि मनगटाची कळ त्यासाठीच तर मोजायची. आपल्याकडे स्क्रूला मळसूत्र म्हणत. तो शब्द मागे पडला, मळसूत्री जिना तेवढा राहिला, आणि जिना चढतो तसा उतरताही येतो. ज्याला फक्त चढणं ठाऊक, तो आटे पाडलेला खिळा. शेठचा हिशेब इथेच उलटा होता. स्वतःच्या घरात स्क्रू एकदा बसला की बसला. आम्हा भाडोत्र्यांना तो दर अकरा महिन्यांनी निघायला हवा. वरचा खोका खरं तर आमच्यासाठी.

सगळं खापर बरणीवर फोडणंही बरं नाही. चांगल्या स्क्रूचा खिळा करण्यात आमचे सुतार वाकबगार आहेत. पाऊण स्क्रू हातोडीनं ठोकायचा, शेवटचे दोन आटे पिळायचे. एकाला हटकलं, तर म्हणाला, “ताई, आतून कोण बघतंय?” आतून लाकूड बघतं. पिळलेला स्क्रू स्वतःच्या मापाची वाट कापत जातो, ठोकलेला सगळंच फाडत जातो, आणि मग वर्षभरात बिजागरी ढिली, की सुतार फाटक्या भोकात आगकाड्या आणि फेविकॉल भरायला हजर. हल्ली बॅटरीवरची ड्रिल मशिन आली, ठोकाठोकी कमी झाली, तर त्यांच्या खिशात आले काळे जिप्सम स्क्रू. सीलिंगच्या जिप्सम बोर्डाला ते उत्तम. पण ते कडक करून काढलेले असतात, आणि कडक माल वाकत नाही, मोडतो. फळीच्या कंसाला किंवा दाराच्या बिजागरीला ते लावलेले दिसले की मी त्या दारापासून जरा लांब उभी राहते.

याउलट आमची गिरगावच्या चाळीतली मांडणी. स्टीलची, ताटांच्या खाचांची, खाली कपांचे हूक. ती बाबांनी स्वतः लावली होती: भिंतीत लाकडाच्या गुल्ल्या ठोकून, प्रत्येक स्क्रू आधी मेणबत्तीवर घासून. (साबणावर घासणारेही असतात, पण साबण ओल धरतो.) चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मांडणीही बाबांनीच उतरवली. चाळीस वर्षं आत बसलेले पितळी स्क्रू एकेक करून फिरत बाहेर आले, लाकडाचा भुसा आट्यांना धरून. बाबांनी ते मोजून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकले. त्यातले चार आज माझ्या आरशामागे आहेत.

गुल्ल्यांची जागा आता प्लास्टिकच्या गिट्टीनं घेतली आहे. मिस्त्री लोक तिला रावल प्लग म्हणतात. कितीतरी वर्षं माझी समजूत होती, की नागदेवी स्ट्रीटवरच्या कुणा रावल शेठनं ती शोधून काढली असणार. स्क्रू, नट, बोल्टचं सगळं जग तिथेच तर मावतं. निघाले लंडनचे जॉन रॉलिंग्ज. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींची फार मोडतोड न करता विजेची जोडणी करायची होती, त्यासाठी 1911 च्या सुमारास त्यांनी हा प्लग काढला, आणि तोही तागाच्या धाग्यांचा. रावल शेठ गेले याचं मला थोडं वाईटच वाटलं.

आता दुकानात मी नमुन्याचा एक स्क्रू हातात घेते. फुली खोल आणि धारदार हवी, टोक बरोबर मधोमध. मग तो काउंटरवर लोळवते. वाकडा असला तर लंगडत जातो. लोहचुंबक मात्र न्यायचं सोडलं. चिकटला नाही म्हणजे अस्सल स्टेनलेस, असं मी समजत होते. पण 202 नावाचं हलकं स्टेनलेसही चिकटत नाही आणि गंजतं मात्र लवकर. खोक्यावर 304 छापलेलं बघायचं, म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. खिडकी थेट समुद्रावर असेल तर 316. हे महागडे स्क्रूसुद्धा तसे नाजूक मनाचे. आधी बारीक भोक न पाडता कडक लाकडात रेटले तर तेही मान टाकतात.

म्हणून काही बरणीशी काडीमोड घेतलेला नाही. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमचं मखर प्लायचं असतं. दीड दिवसाच्या गणपतीला 304 लावायला मी काही टाटा-बिर्ला नव्हे. तसबिरीची पाठ, कपाटाच्या आतला हूक, इथेही बरणी झिंदाबाद. फक्त जे डोक्यावर लटकणार, त्याचा भाव मी विचारत नाही.

परवा त्याच शेठकडे गेले. वरच्या खोक्यातले सहा मागितले. शिडीवरूनच त्यानं विचारलं, “घर घेतलं काय, बेन?”

“नाही शेठ. पुन्हा अकरा महिने.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की माझाच एखादा स्क्रू ढिला आहे. मग पुडीत सहाऐवजी सात टाकले. “एक पडतोच कुठेतरी.”

परतताना जुन्या गल्लीतून आले. सवयीनं मान वर गेली. तिसऱ्या मजल्यावर माझा स्टँड होता तिथेच होता, आणि त्यावर कुणाची तरी डबल बेडची ओली चादर. वजन चांगलंच असणार. डोकं तुटलेला एक सोडला, तर बाकीचे पाचही जागचे हलले नव्हते.