उशाशी असलेले पुस्तक

आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत आजारी माणसाच्या उशाशी गोळ्यांच्या पट्ट्या, पाण्याचा तांब्या आणि पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत या गोष्टी ठरलेल्याच असतात. पुस्तक न उघडताही ते कुठे वाचले गेले आहे हे कळते, कारण मधल्या भागात, स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकापाशी, पानांच्या कडा काळवंडलेल्या असतात आणि लेवीय, गणना या नियम आणि याद्यांच्या पुस्तकांच्या कडा जवळजवळ कोऱ्या राहिलेल्या असतात. प्रकृती धड असेपर्यंत आपण पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) सांगितलेला उतारा काढतो. अंथरूण धरले की बोट आपोआप स्तोत्रांकडे वळते.

भेटीला येणारी मंडळी बहुधा तेविसावे स्तोत्र वाचतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे शब्द आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतात आणि त्यांनी धीर येतो, यात शंका नाही. तरीही या पुस्तकाचे खरे बळ, माझ्या मते, आजाऱ्याजवळ सहसा मोठ्याने न वाचल्या जाणाऱ्या स्तोत्रांत आहे. एकंदर 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्यांची आहेत. तेरावे ‘किती काळ’ असे पुन्हा पुन्हा विचारते. गाऱ्हाण्याची बहुतेक स्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि ज्यांनी ते तसेच संग्रहात राहू दिले त्यांच्या धीटपणाचे मला कौतुक वाटते. वधस्तंभावर येशूने ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ असा जो टाहो फोडला, तोही बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचाच. असे असताना ‘देवाची इच्छा’ एवढे म्हणून दुःखिताला गप्प करणारे नातलग (आणि क्वचित पाळकही) कोणते शास्त्र वाचतात, हे मला न सुटलेले कोडे आहे.

आमच्या चर्चमधल्या एका वृद्ध बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागते. त्यांच्या शास्त्रात तेराव्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा लिहिलेल्या आहेत, आणि जागा संपल्यामुळे त्या पुढच्या पानावर गेल्या आहेत. ज्या दिवशी सुई टोचताना फार त्रास होतो, त्या दिवशीची ती तारीख. आजार बरा होणारा नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यायचे तो ऐकतो आहे, एवढ्यावर त्यांचे चित्त निवांत असते. दुःखातले आत्मिक समाधान म्हणतात ते मला तरी याहून निराळे दिसलेले नाही. ते वेदना कमी करत नाही, वेदनेतला एकटेपणा काढून घेते.

ते चटकन मिळते असेही नाही. पंडिता रमाबाईंनी ऐन तारुण्यात, दुष्काळाच्या दिवसांत, काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील आणि थोरली बहीण गमावली; पुढे भाऊ गेला, आणि 1882 मध्ये, विवाहाला दोन वर्षेही झाली नसताना, पती पटकीने गेले. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहिले, आणि मनाला जी शांती हवी होती ती येण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. ही कबुली मला त्यांच्या कोणत्याही पराक्रमाइतकीच मोलाची वाटते, कारण आमच्या साक्षींमध्ये, म्हणजे चर्चमध्ये सांगितल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या अनुभवांमध्ये, सारे एका रात्रीत बदलते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि निराधार विधवा यांना आसरा दिला, आणि साध्यासुध्या बायकांनाही समजावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. मधल्या साडेआठ महिन्यांत, थकलेल्या देहाने आणि क्षीण झालेल्या श्रवणशक्तीने, त्या आपल्या भाषांतराचे उरलेले काम करत राहिल्या.