फिर्यादी सरकार, मग ही बाई कोण?

मी तालुका कोर्टात विधी सेवेच्या पॅनेलवर वकील आहे. मटक्याच्या केसेस आमच्याकडे रोजच्याच, कायदा १८८७ चा जुगार प्रतिबंधक, कलम १२(अ), चिठ्ठ्या लिहिणारा टपरीवाला गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि पाच मिनिटात बाहेर. ज्युनियर पोरं विचारतात, सर यात कुणाचं काय बिघडलं, लावणारा स्वतःच्या खुशीने लावतो, घेणारा घेतो, पीडित कोणीच नाही.

त्या दिवशी असाच एकजण ३०० रुपये भरून गेला आणि मागोमाग एक बाई माझ्या टेबलापाशी आली, पिशवीत नवऱ्याच्या खिशातून गोळा केलेल्या चिठ्ठ्या, रबर लावून ठेवलेल्या. म्हणाली, "वकीलसाहेब, ह्या केसमध्ये माझं नाव कुठं घालायचं?"

दोषारोपपत्रात सरकारतर्फे फिर्यादी पोलीस हवालदार, दोन पंच, मुद्देमालात रोख रक्कम, बॉलपेन आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक. बस्स.

मी एकेक चिठ्ठी उलगडून बघितली. ओपन, क्लोज म्हणजे एकेक आकडा, दोन्ही मिळून जोडी. जोड्या ०० ते ९९ म्हणजे शंभर, आणि लागली तर रुपयाला साधारण नव्वद मिळतात, म्हणजे रोज लावणारा शेवटी बुडणारच. तिने हा हिशोब कधी मांडला नसेल पण दुकानाची उधारी, मुलीची राहिलेली फी आणि गहाण पडलेलं डोरलं, सगळं तारखेसकट सांगितलं.

पीडित नसलेला गुन्हा नसतोच असं मी म्हणणार नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा ठरवत होते, तिथे खरंच कुणाचं काही जात नव्हतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला ते काढलं ते योग्यच झालं. पण मटक्यात खुशी एकाची आणि पैसा अख्ख्या घराचा, आणि ज्याचं जातं त्याचं नावच कागदावर येत नाही. बरं, दंडाचे ३०० सुद्धा सरकारजमा, तिला त्यातला रुपया नाही.

मी तिला सांगितलं, ताई, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ येतो, नवऱ्याविरुद्ध अर्ज करता येईल, वकील फुकट मिळेल, मीच करतो.

ती म्हणाली, "नवऱ्याला कशाला उभं करू साहेब, मला ती टपरी बंद करायचीय. त्याचा अर्ज आहे का?"