धुऱ्यावरचा खून

माझ्या कादंबऱ्यांतले बहुतेक खून धुऱ्यावर होतात. पुण्या-मुंबईचे वाचक विचारतात, धुरा म्हणजे काय हो? दोन वावरांमधली हात-दीड हाताची पट्टी. गवत, बोरी-बाभळी, नशीब असलं तर एखादं सागाचं झाड. हिच्यापायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. नांगर दरसाल बोटभर पलीकडे सरकतो, मोजणी होते, खुणा रोवतात आणि पुढच्या पोळ्याच्या आत त्या कोणीतरी उपटून फेकतं. एवढा ऐवज हाताशी असताना मला लंडनचं धुकं कशाला लागतं?

अडचण वेगळीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात रहस्य टिकत नाही. रात्री खून झाला की सकाळी पानठेल्यावर सगळं ठाऊक असतं: कोणी केला, कुऱ्हाड कोणाकडून मागून आणली, मागच्या बाजारात कोण कोणाला काय बोललं. पोलीस पाटील ठाण्याला फोन लावतो तोवर गावाचा निकाल लागलेला असतो. मग साहेब येतात, विचारतात, "कोणी पाहिलं?"

"मी त जागलीले गेलतो साहेब. मले काई मालूम नाही."

त्या रात्री अख्खं गाव जागलीला, म्हणजे रात्रीचं पीक राखायला, गेलेलं असतं. रोही आणि रानडुकरं तेवढी घरी.

मला लिहावंसं वाटतं ते इथून पुढचं. तोंड कोण उघडेल? आणि उघडलंच, तर त्याचं दळण चक्कीवर कोण घेईल, पोळ्याच्या तोरणाखाली त्याची जोडी शेजारी कोण उभी राहू देईल?

एका कादंबरीवर वेब सिरीज करायची म्हणून मुंबईची मंडळी आली होती. पोरं हुशार, पुस्तक खरोखर वाचून आलेली. "सर, खुनी पहिल्याच प्रकरणात कळतो. आठ भाग प्रेक्षक थांबेल कशाला?" रास्त सवाल. पोलीस पाटील त्यांना नकोच होता. ना वर्दी, ना जीप, मानधनावरचा माणूस! त्याच्या जागी नागपूरहून बदलून आलेली तरुण अधिकारी, तिचा दुखरा भूतकाळ वगैरे. हेही मी गिळलं. पण शूटिंग वाईला? "तिकडे सगळं सोयीचं पडतं, सर." आणि पऱ्हाटी, आमची कपाशी? "ऊस चालेल."

उसात माणूस लपतो. पऱ्हाटी छातीपर्यंत येते, मुंडकं वरच राहतं. म्हणून तर आमच्याकडे सगळ्यांना सगळं दिसतं आणि दिसलेलं गिळायला सगळ्यांना एकमेकांची गरज पडते. ऊस घातला की गोष्टच गेली. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि ऊसच ठेवला.

पडद्याची आवड अशीच असते म्हणा. सुहास शिरवळकरांनी ढिगानं रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा नायक दारा बुलंद आम्ही वाचनालयात नंबर लावून वाचला. सिनेमा गाजला तो मात्र 'दुनियादारी'चा, कॉलेजच्या कट्ट्याचा, २०१३ साली. शिरवळकर २००३ मध्येच गेले होते.

आता तर खऱ्या गुन्ह्यांतही कॅमेरा शिरलाय. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ जाऊन १०३ आलं (गावात अजून 'तीनशे दोन'च चालतं, धमकी द्यायला ते बरं पडतं) आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांवर बंधनकारक झालं. शेजारच्या वस्तीतल्या झडतीत शिपायानं मोबाइल वर धरला, तर पंच म्हणून आणलेल्या म्हाताऱ्यानं आधी दुपट्टा झटकून नीट खांद्यावर घेतला. "बुवा, इकडे नोका पाहू, तिकडे कोठीकडे पाहा!" शिपाई ओरडत होता. म्हातारा काही ऐकेना.

आमच्या पोलीस पाटलाला सिरीजबद्दल कळलं तेव्हा तो घरी आला. चहा घेतला आणि मग हळूच विचारलं, "माहं काम कोन करून राहिलं, भाऊ?"

तुम्हाला काढून टाकलं, म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "तिकडचंई मानधन थकलं असतं."