‘आमच्या बाहुलीला बसेल का?’

हाताने केलेल्या वस्तूंच्या बाजारातला माझा पहिला दिवस, टेबलावर मी शिवलेले बाहुल्यांचे कपडे. हॉल उघडून अर्धा तास झाला होता. माझ्या टेबलापाशी सगळ्यात आधी थांबली ती सहा-सात वर्षांची एक मुलगी. तिने हिरव्या ठिपक्यांचा फ्रॉक उचलला, उलटा करून आत पाहिलं, पाठीवरची टिचबटणं उघडून पाहिली आणि विचारलं, "मावशी, हा आमच्या बाहुलीला बसेल का?"

"केवढी आहे तुझी बाहुली?"

तिने दोन्ही हात हवेत धरून दाखवलं. तेवढ्यावरून मला काहीच सांगता येईना. आई म्हणाली, "घरी मोजून पुढच्या वेळी येऊ." मुलीने फ्रॉक होता तिथेच नीट ठेवला आणि दोघी पुढच्या टेबलाकडे गेल्या.

त्या दिवशी हाच प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. सात महिने मी शिवत होते आणि तो मला एकदाही पडला नव्हता. माझ्याजवळ एकच बाहुली होती. साठ कपडे शिवले ते सगळे तिच्या अंगावर बेतून.

आता कळतं की बाहुल्यांची मापं हा वेगळा अभ्यासच आहे. बार्बी १९५९ साली आली ती साडेअकरा इंचांची. माणसाच्या साधारण एक षष्ठांश. तिचा जोडीदार केन १९६१ साली आला, तो १२ इंचांचा. पण २०१६ साली बार्बीचेच तीन नवे बांधे निघाले : उंच, ठेंगणा आणि भरलेला. जुन्या बांध्यावर बेतलेला स्कर्ट भरलेल्या बांध्याच्या कमरेवर चढतच नाही. शिवाय १८ इंची बाहुल्यांचं घराणं निराळं. १९८६ साली बाहुल्यांची ‘अमेरिकन गर्ल’ मालिका आली तेव्हापासून हे माप रुजलं. त्या बाहुलीचं पोट कापसाने भरलेलं आणि छाती-कंबर जवळजवळ सारखीच, त्यामुळे साडेअकरा इंची पॅटर्न नुसता मोठा करून भागत नाही. कापडी तान्ह्या बाहुल्या तर प्रत्येक घरात वेगळ्या मापाच्या.

दुसऱ्या बाजाराच्या आधी मी महिनाभर नवं काही शिवलंच नाही. ओळखीच्या घरांतून बाहुल्या उसन्या मागून आणल्या आणि टेप घेऊन बसले. उंची, छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून मनगट, डोक्याचा घेर. डोक्याचा घेर कशाला, असं वाटेल. पण गळ्यातून घालायचा बंद टी-शर्ट केस बांधलेल्या डोक्यावरून जात नाही हे कुणाच्या तरी घरी जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि हात! बोटं फाकलेली असतात, ती बाहीच्या आतल्या शिवणीत अडकतात. म्हणून मी पाठीचा काप कमरेपर्यंत न ठेवता खालपर्यंत उघडा ठेवू लागले. कपडा पुढून अंगाला लावायचा, हात घालायचे, मागे मिटवायचं. पाच वर्षांच्या मुलीलाही मदतीशिवाय जमतं.

बाजारात जागा मिळवणं त्या मानाने सोपं गेलं. अर्ज, चार फोटो, सगळं स्वतः केलेलं असल्याची लेखी हमी, टेबलाचं भाडं आगाऊ. एका ठिकाणी मात्र अडले. मी मालाच्या वर्णनात 'बार्बीचे कपडे' लिहिलं होतं. आयोजक ताईंनी फोन करून सांगितलं की ते नाव कंपनीचं नोंदवलेलं आहे, पाटीवर असं लिहिलंत तर माल कंपनीचाच आहे असा समज होईल. मग 'साडेअकरा इंची फॅशन बाहुलीसाठी, हाताने शिवलेले' असं केलं. त्यांनी टोकलं ते फार बरं झालं, कारण पाटीवर इंच आले आणि तिथूनच लोक मापाबद्दल बोलू लागले.

शिवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्यात आहे.

एक षष्ठांश म्हणजे काय, तर कापडावरचं दोन सेंटिमीटरचं फूल बाहुलीच्या अंगावर बारा सेंटिमीटरचं दिसतं. सुरुवातीला मी घरातली उरलेली कापडं वापरली आणि प्रत्येक फ्रॉक पडद्याचा वाटायचा. आता दुकानात गेले की कापडावर नखाएवढी जागा धरून बघते. तेवढ्या जागेत नक्षी पुरी मावली तर घेते. बारीक ठिपके, बारीक चौकड्या, कोवळी पानं, एवढंच चालतं. नक्षी लहान मिळते, पण कापडाची जाडी काही सहापट कमी करता येत नाही. माणसाच्या घागऱ्याला दुप्पट घेर घेऊन चुण्या घालतो तशा बाहुलीला घातल्या तर स्कर्ट छत्रीसारखा उभा राहतो. दीडपट पुरे होतो. मलमल किंवा लॉन (पातळ, मऊ सुती कापड) असेल तर थोडा जास्त. पॉपलिनही चालतं, पण कमरेशी चार थर एकत्र येतात तिथे गाठ झाल्यासारखं दिसतं, म्हणून आतलं अस्तर नेहमी लॉनचंच.

माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, मी सहा मिलिमीटर ठेवते आणि टीप मारून झाल्यावर कापून तीन करते. आधीच तीन ठेवली तर कापड मशीनच्या पायाखाली धरताच येत नाही. टाका दीड मिलिमीटरचा, सुई नऊ किंवा अकरा नंबरची. चौदा नंबरच्या सुईने लॉनला भोकं दिसतात. मशीन कापडाचं टोक आत ओढून घेतं, त्यावर उपाय म्हणजे खाली पातळ कागद धरायचा, त्यावरूनच टीप मारायची आणि कागद फाडून टाकायचा. बाही मुंढ्याला, म्हणजे खांद्याशी हाताच्या भोकाला, आधी सपाट जोडायची आणि मग बाही आणि बगल एकाच टिपेत शिवायची. मोठ्या कपड्यात बाही गोल जोडायची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. पण इतक्याशा मुंढ्यात बोटसुद्धा जात नाही, तिथे गोल शिवणार कशी?

मिटवायला काय लावायचं यावर मी बरीच डोकेफोड केली. टिचबटण दिसतं सुंदर, पण ते दाबायला जोर लागतो आणि बाहुली हातातून निसटते. वेलक्रो लहान मुलांना सोपं. त्याची खरखरीत बाजू मात्र बाहुलीच्या केसांत आणि लेसमध्ये अडकते. म्हणून ती बाजू मी मऊ बाजूपेक्षा अरुंद कापते, म्हणजे कडेने बाहेर डोकावत नाही. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल या इंजिनिअरला ही कल्पना सुचली ती फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून. त्यामुळे केसांत अडकणं तिच्या जन्मापासूनचं आहे म्हणायचं.

एक चूक फार लागली. गडद निळ्या कॉर्डरॉयचा एक कोट मला इतका आवडला होता की तो मी माझ्या बाहुलीच्या अंगावरच ठेवला. तीन आठवड्यांनी काढला तर खांद्यांवर आणि कोपरांवर निळे डाग. साबण, कापूस, काहीच उपयोगी पडेना. बाहुलीचं मऊ व्हिनिल प्लास्टिक रंग शोषून घेतं, डाग वरवरचा राहतच नाही. काळा, लाल, गडद निळा हे त्यातले वाईट. ही माझीच बाहुली होती म्हणून निभावलं. कुणाच्या मुलीची असती तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं? तेव्हापासून प्रत्येक गडद कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते, मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवून गरम इस्त्रीने दाबते. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड बाहुलीसाठी बाद. जे पास होतं त्यालाही आतून पांढरं अस्तर लावते आणि विकताना सांगते की गडद कपडा घालून बाहुली महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका.

दुसरी काळजी बारीक बटणांची. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी एक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. खेळण्याचा सुटा भाग त्यात पूर्ण मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलाला गिळता येईल, घशात अडकेल असं धरतात. माझी सगळी बटणं, मणी, टिचबटणं त्यात आरामात मावतात. म्हणून तान्ह्या कापडी बाहुल्यांचे कपडे, जे अगदी लहान मुलांच्या हाती जातात, त्यांना मी फक्त इलॅस्टिक लावते आणि बटणांऐवजी दोऱ्याने बटणांचे आकार भरते. बाकी सगळ्यांवर 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' अशी चिठ्ठी. चिठ्ठ्या दोऱ्याने बांधलेल्या, टाचणी एकही नाही. मुलं आधी हात लावतात, मग बघतात.

मांडणीत पहिल्या दिवशी मी कपडे टेबलावर सपाट पसरले होते. लांबून ती कात्रणं वाटत होती. दुसऱ्या वेळी तारेचे इवलेसे हँगर केले, दोन काठ्यांमध्ये दोरी बांधली आणि कपडे लटकवले. बंद हॉलचा हा मोठा फायदा, वारा नाही, त्यामुळे पिसासारखे हलके फ्रॉकही जागच्या जागी राहतात. उजेडाचं मात्र सोसावं लागतं. ट्यूबलाइटखाली माझा अबोली रंग चक्क मळका दिसायचा. टेबलापाशी प्लग नव्हता, म्हणून बॅटरीवर चालणारा चिमट्याचा दिवा आणला.

आणि टेबलाच्या पुढच्या कडेला, मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशा, चार बांध्यांच्या चार बाहुल्या बसवल्या. शेजारी ताठ पुठ्ठ्यावर त्यांची रेखाकृती खऱ्या मापात. बाहुली सोबत आणली असेल तर त्यावर आडवी ठेवायची. नसेल तर बोट ठेवून सांगायचं, "एवढी." चुकलं तर पुढच्या बाजारात बदलून देईन, असं खाली लिहिलं. दुसऱ्या बाजाराची विक्री पहिल्याच्या तिपटीहून जास्त झाली, आणि कपडे तर जवळजवळ तेच होते.

"एवढ्याशा कापडाचे एवढे पैसे?" हेही ऐकावं लागतं. ते चूक बोलतात असं मला वाटत नाही, कापड खरंच एवढंसं लागतं. पण मी वहीत मिनिटं लिहिते. एका अस्तराच्या फ्रॉकला सत्तर मिनिटं लागत होती. आठ फ्रॉक एकदम कापून, एकापाठोपाठ त्याच टिपा मारत गेले तेव्हा ती पन्नासवर आली, त्याखाली नाही. मोठ्या फ्रॉकइतक्याच शिवणी, फक्त बोटांना जागा कमी. किंमत कमी करण्याऐवजी मी फ्रॉक उलटा करून हातात देते. बऱ्याच जणी आतली शिवण बघून गप्प होतात, काही तरीही नको म्हणतात, आणि ते ठीक आहे.

एकदा जुन्या बाहुल्या जमवणारे एक काका आले. त्यांनीही आधी आतूनच बघितलं. मग १९५९च्या सुमाराच्या बार्बीच्या कपड्यांबद्दल बोलत राहिले : शार्लट जॉन्सन या डिझायनर बाईंनी जपानमध्ये राहून ते करवून घेतले, इतक्याशा कोटाला अस्तर, खरी चेन, खरी काजं. काजं माझ्याकडे नव्हती, बटणं नुसती वरून लावलेली होती. त्यांनी काही विकत घेतलं नाही. त्या रात्री मी हाताने काज करायला बसले. चार मिलिमीटरचं काज, एकेरी दोऱ्याने. अकरावं जमलं.

मोठी माणसं पार्टीचे घोळदार गाऊन निवडतात. मुलं ते हाताळतात, ठेवून देतात आणि रेनकोट, पिशवी, टोपी मागतात. ती हिरव्या ठिपक्यांवाली मुलगी तिसऱ्या बाजाराला बाहुली घेऊन आली. पुठ्ठ्यावर ठेवली तर ती उंच बांध्याची निघाली, फ्रॉक आखूड होत होता. खाली त्याच कापडाची पट्टी जोडून देऊ का, विचारलं. ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "फ्रॉक राहू दे. ही रात्री झोपताना काय घालणार?"

माझ्याकडे रात्रीचं एकही नव्हतं. मी बाहुलीची मापं वहीत घेतली. कंबर, नितंब, कमरेपासून घोटा. कमरेला इलॅस्टिक, बारीक चांदण्यांचं लॉन, पायाची शिवण आतून एकच. पुढचा बाजार महिनाअखेरीला आहे, आणि आता टेबलावर आठ पायजमे कापून ठेवले आहेत, दोन-दोन प्रत्येक बांध्याचे.