ऑपेरा कळायला फार काही लागत नाही

व्हिएन्नात राहायला आल्यापासून घरच्यांचा आणि मैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो, तू ते ऑपेराला जातेस ते तुला कळतं का गं? आणि मी दर वेळी मनापासून सांगते की हो, कळतं, तुम्हालाही कळेल, त्यासाठी इटालियन यायला नको, पियानो शिकलेला नको, भारी कपडे तर अजिबातच नकोत. ऑपेरा म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने गाऊन केलेलं नाटक, आज जे बघणार त्याची गोष्ट फक्त आधी वाचून जायची. बाकीचं काम संगीत करतं, आणि ते कसं करतं हेच आज जरा सविस्तर लिहायचंय कारण फोनवर सांगताना नेहमी अर्धं राहतं.

मला ज्याने धरलं तो इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ऑपेरा 'रिगोलेत्तो'. १८५१ मध्ये व्हेनिसला पहिला प्रयोग झाला. मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचं, त्यात चक्क राजाच बाहेरख्याली दाखवलेला, आणि तेव्हा व्हेनिसवर राज्य ऑस्ट्रियाचं, सेन्सॉरला ते कुठून चालणार, म्हणून राजाचा मांतुआचा ड्यूक झाला. रिगोलेत्तो हा त्याच्या दरबारातला कुबडा विदूषक. लोकांच्या लेकीसुनांची अब्रू गेली की त्यावर टवाळी करणारा, आणि स्वतःची मुलगी जिल्दा मात्र कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून घरात लपवून ठेवणारा. ड्यूक गरीब विद्यार्थ्याचं सोंग घेऊन नेमका तिलाच नादी लावतो, दरबारी तिला पळवून आणतात, आणि बाप सूड म्हणून ड्यूकच्या नावाने सुपारी देतो.

आता तिसरा अंक. नदीकाठची एक पडकी खानावळ, रात्र. आत ड्यूक मारेकऱ्याच्या बहिणीशी लाडीगोडी लावतोय, बाहेर अंधारात भिंतीच्या फटीतून जिल्दा ते बघतेय आणि शेजारी बाप उभा आहे. आणि हे चौघं एकाच वेळी गातात. एकामागून एक नाही, एकदम. ड्यूकची चाल लांब, ऐटीत वाहणारी. ती बहीण, मादालेना, तुटक तुटक भराभर स्वर घेते, सरळ हसू ऐकू येतं त्यात. जिल्दाच्या ओळी वर जातात आणि मधेच हुंदक्यासारख्या तुटतात. आणि सगळ्यांच्या खालून बापाचा जड आवाज, रडून काय होणार, मी बघतो त्याच्याकडे. माझं ऐका, हा तुकडा यूट्यूबवर लावा, एकदा फक्त ड्यूकच्या मागे जा, मग परत लावून फक्त जिल्दाच्या, मग बापाच्या, आणि मग शेवटी कान मोकळा सोडून सगळं एकत्र ऐका. शब्द एक कळला नाही तरी कोण खोटं बोलतंय आणि कुणाचं काळीज फाटतंय ते बरोब्बर कळतं!

आपण नाट्यसंगीतावर वाढलेली माणसं. आपल्याकडे गाणारा एक, चाल एक, साथीला ऑर्गन नि तबला, पद सुरू झालं की गोष्ट थांबते आणि गाणारा त्या एका भावात आत आत शिरत जातो. ते सुख मी कधीच सोडणार नाही. पण चार माणसं चार वेगळ्या गोष्टी एकदम म्हणतायत आणि गोंधळ न होता त्यातून नाटक पुढे सरकतंय, हे मी आधी कुठेच ऐकलं नव्हतं. नुसत्या बोलण्याच्या नाटकात हे करूनच दाखवता येणार नाही.

आणि ते 'ला दोन्ना ए मोबिले', जे जाहिरातींतून वगैरे सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, ते याच अंकात ड्यूक म्हणतो. बायका कशा चंचल असतात असं मजेत गातो तो. पुढे वादळ येतं (त्यातला वाऱ्याचा आवाज म्हणजे विंगेतले पुरुष तोंड मिटून गुणगुणतायत, मुद्दाम ऐका), रात्री मारेकरी रिगोलेत्तोच्या हातात पोतं देतो, आत ड्यूकचं प्रेत आहे असं समजून हा ते नदीत ढकलणार, एवढ्यात लांबून तेच गाणं ऐकू येतं, त्याच आवाजात. म्हणजे ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण? जिल्दा. ड्यूकला वाचवायला ती स्वतः त्याच्या जागी मरायला गेलीय. अख्ख्या ऑपेरातलं सगळ्यात उडतं गाणं व्हेर्दीने तिथे वापरलंय, आणि ते ऐकून अंगावर जो काटा येतो तो मला अजूनही दर वेळी येतो.

गायकीचं वेगळं सांगायला हवं कारण आपला कान तिथेच अडतो. आई पहिल्यांदा ऐकताना म्हणाली, आवाज एवढा थरथरतो कशाला गं यांचा? थरथरण्याचं राहू दे, पण आवाज असा वेगळा का लागतो, तर यांना माइक नसतो. समोर खड्ड्यात साठ-सत्तर वाद्यं वाजतायत आणि त्यावरून एका माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. योहान सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकाने याचं कोडं उलगडून दाखवलंय, ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तयार ऑपेरा गायक, विशेषतः पुरुष, घसा असा ठेवायला शिकलेले असतात की आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जास्तीची धार येते, जिथे वाद्यांचा जोर कमी असतो. म्हणून तो आवाज नुसत्या ताकदीने नाही, बरोबर फटीतून निघून येतो. हेडफोनमध्ये याची कल्पना येत नाही, सभागृहात उभं राहिलं की येते.

उभं राहणं हे मी शब्दशः म्हणतेय. इथल्या श्टाट्सओपर या सरकारी ऑपेरा हाउसमध्ये उभ्याने बघायची तिकिटं अगदी थोडक्या युरोंत मिळतात, आणि त्यातली पार्टरची, म्हणजे तळमजल्यावरची, जागा मधोमध, स्टेजच्या सरळ समोर. पुढे कठडा असतो, त्याला आपला स्कार्फ बांधून ठेवायचा, की ती जागा आपली, मग बाहेर फिरून या, अगदी एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तसं, आणि लोक मानतात! समोर छोट्या स्क्रीनवर जर्मन, इंग्रजीत शब्द येत राहतात. शेजारी विद्यार्थी, पेन्शनर, ऑफिसातून थेट आलेले लोक. आईला गुडघ्यांमुळे उभं राहणं जमत नाही, मग तिला मे महिन्यात बाहेरच्या चौकात नेलं, तिथे ठरावीक महिन्यांत आतला प्रयोग मोठ्या पडद्यावर लाइव्ह दाखवतात, फुकट, खुर्च्याही मांडलेल्या असतात. व्हेर्दीचाच 'ला त्राव्हिआता' होता. नायिका व्हायोलेट्टाच्या प्रियकराच्या बापाने तिला गोड बोलून बाजूला व्हायला लावलं तिथे आई इतकी चिडली की मध्यंतरात दुसरं काही बोलेचना, आणि शेवटी तीच म्हणाली, याला वन्स मोअर कसा देत नाहीत हे लोक?

तर देत होते! याच व्हिएन्नात १७८६ मध्ये मोझार्टचा 'फिगारो' हा ऑपेरा आला तेव्हा लोकांनी इतके वन्स मोअर घेतले की प्रयोग लांबायला लागले, आणि बादशहा दुसऱ्या जोसेफने हुकूम काढला की एकापेक्षा जास्त जणांनी गायलेलं काहीही परत म्हणायचं नाही. आईला हे सांगितल्यावर ती भलतीच खूश झाली, बालगंधर्वांच्या प्रयोगांच्या गोष्टी तिने तिच्या आजीकडून ऐकलेल्या.

तिकडे असणाऱ्यांसाठी, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची स्क्रीनिंग्ज होतात, त्यावर लक्ष ठेवा. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ पासून बंद होतं ते २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, आणि उघडलं तेव्हा गायल्या त्या मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ. घरबसल्या बघायचं तर ऑपेराव्हिजन ही वेबसाइट फुकट आहे, सबटायटल्ससकट. वॅग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची मालिका एवढ्यात नको, चार संध्याकाळी आणि पंधराएक तास लागतात तिला.

आणि फक्त ऐकायचंच असेल तर 'रिगोलेत्तो'चं १९५५ चं, मिलानच्या ला स्काला या ऑपेरा हाउसचं रेकॉर्डिंग, मारिया कॅलास जिल्दा, तीतो गोब्बी बाप. त्यात दुसऱ्या अंकात मुलीला शोधत तो दरबाऱ्यांसमोर येतो ती जागा काढा. आधी नुसता संताप, खाली व्हायोलिन्स घोंघावतायत, मग दम संपतो, आणि ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याचकडे चेलोच्या साथीने तो भीक मागायला लागतो. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. सुरुवात तिथून करा.